वाणांच्या तक्त्यात पोषणाचाही रकाना हवा : कृषी विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू महोदय,
कृषी विद्यापीठे, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली



आपल्या विद्यापीठांच्या 'कृषिदर्शनी', 'कृषिसंवादिनी' यांसारख्या दैनंदिन्या दरवर्षी निघतात आणि शेतकऱ्यांच्या घरात वर्षभर वापरल्या जातात. त्यात भाजीपाल्याच्या प्रत्येक पिकाखाली सुधारित वाणांची माहिती असते. वाणाचे नाव, कालावधी, हेक्टरी उत्पादन आणि शेवटी वैशिष्ट्ये: फळ गोल, रंग जांभळा, काटे कमी, अमुक रोगाला प्रतिकारक, लांबच्या वाहतुकीस योग्य. पिकवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला जे लागते ते बहुतेक सगळे तिथे असते. जो ती भाजी खाणार आहे, त्याला तिच्यातून काय मिळणार, हे मात्र तिथे नसते. हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

आहाराबद्दल आपण पिकाच्या नावाने बोलतो. पालक खा, गाजर खा, टोमॅटो खा. कोणता पालक, कोणते गाजर, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. जणू एका नावाच्या सगळ्या भाज्या आतूनही एकसारख्याच असतात. वस्तुस्थिती तशी नाही, हे आपल्या शास्त्रज्ञांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

गाजराचेच पाहा. हिवाळ्यात येणारे लांब, लाल देशी गाजर, जवळपास वर्षभर मिळणारे नारिंगी गाजर आणि उत्तर भारतात कांजीसाठी वापरतात ते काळे गाजर, ही तिन्ही गाजरेच. पण लाल गाजराचा रंग मुख्यतः लायकोपिनचा, म्हणजे टोमॅटोत असते त्याच द्रव्याचा. नारिंगी गाजराचा रंग बीटा कॅरोटीनचा. त्यापासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. काळ्या गाजराचा रंग अँथोसायनिनचा, जे जांभळात आणि काळ्या द्राक्षांतही असते. लाल गाजरात बीटा कॅरोटीनही असते, पण त्यातल्या लायकोपिनपासून 'अ' जीवनसत्त्व बनत नाही. त्यामुळे 'डोळ्यांसाठी गाजर खा' हा सल्ला कोणत्या गाजराबद्दल आहे, हे सांगितल्याशिवाय तो अपुराच राहतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने लाल 'पुसा रुधिरा' आणि काळे 'पुसा असिता' हे वाण दिले, आणि 'पुसा रुधिरा'ची ओळख करून देताना त्यातल्या कॅरोटिनॉइड व फिनॉल यांचे आकडेही दिले. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेच्या 'भू सोना' या केशरी गराच्या रताळ्यात १०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते. आपण एकादशीला उकडतो त्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात ते नावापुरतेच. नाव एकच, उपवास एकच, पण पोटात जाणारे द्रव्य वेगळे.

आता आपल्या घरचे पीक घेऊ. कांदा महाराष्ट्राइतका कोण पिकवतो? राहुरीचे 'बसवंत ७८०', 'एन-२-४-१', 'फुले समर्थ' हे वाण शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. कांद्यात क्वेर्सेटिन नावाचे एक महत्त्वाचे फ्लॅव्होनॉइड असते. पिवळ्या आणि लाल कांद्यात ते भरपूर, पांढऱ्या कांद्यात अगदी थोडे. लाल कांद्यात त्याच्या जोडीला अँथोसायनिनही असते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्याची गोडी आणि त्याची माळ हे रायगडचे वैभव आहे आणि ते टिकलेच पाहिजे. पण गोडीसाठी एक कांदा आणि क्वेर्सेटिनसाठी दुसरा, ही निवड करण्याचा हक्क खाणाऱ्यालाही आहे. त्यासाठी त्याला माहिती हवी. शिवाय ही द्रव्ये कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत सर्वांत जास्त असतात आणि आत जावे तशी कमी होत जातात. वाळलेल्या सालीबरोबर वरचे एक-दोन जाड पापुद्रेही सोलून टाकायची सवय पुष्कळ घरांत आहे. कांद्यातला मोलाचा भाग त्यातच जातो.

सर्वांत बोलके उदाहरण वांग्याचे आहे. वांगे चिरले की फोडी काळ्या पडतात, म्हणून आपण त्या लगेच मिठाच्या पाण्यात टाकतो. वांग्याच्या गरात क्लोरोजेनिक आम्ल हे फिनॉल मुबलक असते. सुरी लागली की पेशी फुटतात, एरवी वेगळे ठेवलेले पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर त्या फिनॉलपर्यंत पोहोचते, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. म्हणजे जे काळे पडते, ती वांग्याची संपत्ती आहे. बाजाराला मात्र पांढराशुभ्र राहणारा गर आवडतो. वाण निवडताना पांढऱ्या गराला गुण दिले, की त्याबरोबर कमी फिनॉलचीही नकळत निवड होण्याची भीती असते. ही भीती टाळता येते. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया येथील संशोधकांनी बरीच वांगी तपासून दाखवले आहे की फिनॉलचे प्रमाण आणि काळे पडणे यांचा संबंध आहे, पण तो पक्का बांधलेला नाही. भरपूर फिनॉल असलेले आणि तरी फार काळे न पडणारे वांगे निवडता येते. पण त्यासाठी आधी मोजावे लागते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या संग्रहातली वांगी मोजली, तेव्हा 'ब्लॅक मॅजिक' या बाजारातल्याच एका वाणात तुलनेतल्या इतर वांग्यांच्या जवळपास तिप्पट फिनॉल निघाले.

आपल्याकडे वांग्याला काय तोटा आहे? जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 'मांजरी गोटा' आहे, कृष्णाकाठची वांगी आहेत, विदर्भातली काटेरी वांगी आहेत. यांत क्लोरोजेनिक आम्ल कोणात किती, सालीतले अँथोसायनिन कोणात किती, हे शेतकऱ्याच्या हातातल्या तक्त्यात कुठे आहे?

ही द्रव्ये वनस्पती आपल्यासाठी बनवत नाही. कडक ऊन, थंडी, पाण्याचा ताण, कीड, बुरशी यांना तोंड देण्यासाठी ती बनवते. म्हणून एकच वाण एका जागी, एका हंगामात एक आकडा देतो आणि दुसरीकडे दुसरा. लाड करून, भरपूर पाणी आणि नत्र देऊन वाढवलेल्या भाजीचे वजन वाढते, पण त्या वजनाच्या प्रमाणात तिच्यातली खनिजे वाढतीलच असे नाही. पोषण असे विरळ होण्याबद्दल कृषिशास्त्रात १९८१ पासून लिहिले जात आहे. २००४ मध्ये संशोधक डोनाल्ड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४३ बागायती पिकांचे १९५० आणि १९९९ चे सरकारी आकडे शेजारी ठेवले. तपासलेल्या १३ पोषक घटकांपैकी सहा घटकांत गटाचा विचार करता स्पष्ट घट दिसली: प्रथिने, कॅल्शियम, फॉस्फरस, लोह, रायबोफ्लेविन आणि 'क' जीवनसत्त्व. प्रथिनांत घट ६ टक्के, रायबोफ्लेविनमध्ये ३८ टक्के. मधल्या पन्नास वर्षांत लागवडीतले वाण बदलले, हे त्याचे सर्वांत संभाव्य कारण त्यांनी दिले. अधिक उत्पादनाची निवड करताना पोषणाकडे कोणी पाहिले नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोणाचा वाईट हेतू नव्हता. जे मोजले जात नाही ते सांभाळलेही जात नाही.

'हे अवघड आहे, उत्पादन घटेल,' असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच शिवारात आहे. 'आयसीटीपी ८२०३' हा बाजरीचा वाण १९८८ पासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा. त्याच वाणातून जास्त लोहाची कणसे निवडत निवडत 'धनशक्ती' तयार झाली. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून ती २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाली. लोह वाढले आणि उत्पादन घटले नाही. परभणीने ज्वारीत 'परभणी शक्ती' दिली, तीही लोह आणि जस्त डोळ्यांसमोर ठेवून. पुढे २०१८ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने बाजरीच्या वाणांसाठी किमान पातळीच ठरवून टाकली: किलोमागे ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त. त्याखालचा वाण पुढे जाणार नाही. भाकरीसाठी जे झाले, ते भाकरीबरोबरच्या भाजीसाठी का होऊ नये?

या मागणीला दुसरीही बाजू आहे आणि ती मी झाकून ठेवू इच्छित नाही. 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाभोवती आज मोठा बाजार उभा आहे. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात भाजीचा अर्क टाकतात. अर्कातली द्रव्ये हायड्रोजन देतात तसा जांभळा रंग उतरत जाऊन पिवळसर होतो, आणि किती उतरला त्यावरून क्षमता ठरते. ही चाचणी सोपी आणि स्वस्त आहे. वाणांची आपसांत तुलना करायला उपयोगी आहे. पण परीक्षानळीत जे घडते तेच रक्तात घडते, असे नाही. बरीचशी फिनॉल आतड्यातून थोडीच शोषली जातात आणि शोषली गेली तरी त्यांचे रूप बदलते. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये अशा आकड्यांची आपली प्रसिद्ध यादी मागे घेतली. तो आकडा शरीरावरचा परिणाम सांगत नाही आणि कंपन्या तो जाहिरातीसाठी वापरतात, असे कारण त्यांनी दिले. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. भाजीत अनेक द्रव्ये एकत्र, तंतूंसह आणि माफक प्रमाणात येतात. त्यातले एक वेगळे काढून गोळीत कोंबले की ते भाजीचे काम करीलच, असे नाही.

म्हणून मी एका 'अँटिऑक्सिडंट क्रमांका'ची मागणी करत नाही. मला प्रत्येक पिकासाठी दोन-तीन नेमक्या घटकांची नावे आणि त्यांचे प्रमाण हवे आहे. टोमॅटोत लायकोपिन आणि 'क' जीवनसत्त्व. गाजर, भोपळा, रताळे यांत बीटा कॅरोटीन. कांद्यात क्वेर्सेटिन. वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल. कोबीवर्गात ग्लुकोसिनोलेट. पालेभाज्यांत लोह, ल्युटिन, 'क' जीवनसत्त्व आणि त्याच ओळीत ऑक्झलेटसुद्धा. पालक, माठ, घोळ यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. काही फिनॉल लोहाच्या शोषणाला अडथळा करतात, तर 'क' जीवनसत्त्व त्या शोषणाला मदत करते. ठाणे-पालघरच्या बायका शेवळांच्या रानभाजीत काकडं ही फळं घालतात ते उगाच नाही. घशाला खाज आणणारा दोष काढल्याशिवाय ती भाजी पानात वाढत नाहीत. भाजीचा गुण सांगायचा तर तिचा दोषही सांगितला पाहिजे. हे जुने शहाणपण आपल्या तक्त्यातही यावे.

रानभाज्या आणि गावठी वाण यांच्याबद्दल स्वतंत्र बोलायला हवे. २०२० पासून कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, चिघळ, अंबाडी, आघाडा एका मांडवाखाली दिसतात, शहरातली माणसे कुतूहलाने येतात. चांगला उपक्रम आहे. पण फलकांवर 'बहुगुणी', 'औषधी', 'अँटिऑक्सिडंटने समृद्ध' असे शब्द असतात. किती, कोणत्या महिन्यात, कोवळ्या पानात की जून पानात, शिजवल्यावर किती उरते, हे क्वचितच दिसते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाच्या, भाज्यांच्या, भाताच्या गावठी बियाण्यांची बँक उभी केली, आणि देशाने २०२० मध्ये त्यांना पद्मश्री दिली. सन्मान झाला, तो योग्यच झाला. आता त्यांच्यासारख्या बायकांनी जपलेल्या प्रत्येक वाणाची मोजणी करून तो आकडा त्यांच्या हातात देणे हे विद्यापीठांचे काम आहे. मोजणी विद्यापीठाची असली तरी बियाणे त्यांचेच राहिले पाहिजे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्यात शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करता येते. नमुना घेताना ती नोंदणीही करून द्या.

पैशांचा प्रश्न येईल. काही घटकांसाठी एचपीएलसीसारखी महागडी उपकरणे लागतात, हे खरे. पण एकूण फिनॉल, 'क' जीवनसत्त्व, कॅरोटिनॉइड यांची प्राथमिक मोजणी साध्या वर्णपटमापकावर होते, आणि तो आपल्या जीवरसायन विभागांत आहेच. परभणीकडे सामुदायिक विज्ञान आणि अन्नतंत्र ही दोन्ही महाविद्यालये आहेत. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अशी मोजणी प्रबंधांसाठी वर्षानुवर्षे केलेली आहे. ते प्रबंध इंग्रजीत, ग्रंथालयांत आणि 'कृषिकोश' या संकेतस्थळावर पडून आहेत. आधी तेवढेच एकत्र केले, तरी निम्मे काम उभे राहील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे पोषण तक्ते दिले आणि त्यात कॅरोटिनॉइड व पॉलिफिनॉल यांचेही आकडे दिले. त्यांनी देशभरातले नमुने घेऊन पिकाचा आकडा दिला. त्याखाली आपल्या वाणांचा, आपल्या जिल्ह्यांचा, आपल्या हंगामांचा थर घालणे हे आपले काम आहे.

शेतकऱ्याचे काय, हा प्रश्न सर्वांत रास्त. बाजार समितीत भाव वजनाला, रंगाला आणि टिकाऊपणाला मिळतो. लायकोपिनला कोणी रुपया जास्त देत नाही. उत्पादन आणि रोगप्रतिकार सोडून केवळ पोषणाच्या मागे लागा, असे मी म्हणत नाही. तसे केले तर वाण कागदावर राहील. पण सरकार स्वतः मोठे गिऱ्हाईक आहे. शाळेच्या दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी द्यायची असते. एवढीशी भाजी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हीच मुले उद्या या पंगतीला बसतात. भाजीचे प्रमाण ठरलेले असताना ती कोणत्या वाणाची आहे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. शाळा, आश्रमशाळा, अंगणवाड्या यांच्या खरेदीत मोजलेल्या वाणांना प्राधान्य द्या, अशी शिफारस विद्यापीठांनी आकड्यांसह केली, तर शेतकऱ्याला भाव मिळेल आणि मुलाला पोषण.

माझ्या मागण्या चार आहेत.

पहिली, यापुढे प्रसारित होणाऱ्या भाजीपाल्याच्या प्रत्येक वाणाबरोबर त्या पिकाचे ठरलेले दोन-तीन पोषक घटक निदान दोन हंगाम आणि तीन ठिकाणी मोजून जाहीर करावेत. टोमॅटो, गाजर, माठ अशा काही पिकांपासून सुरुवात करून हळूहळू किमान पातळीही ठरवावी.

दुसरी, आजच्या लोकप्रिय वाणांची, भौगोलिक मानांकन मिळालेल्या भाज्यांची आणि गावठी वाणांची मोजणी हाती घ्यावी. जो वाण मागे पडला आहे त्याचा आकडाही लपवू नये.

तिसरी, हे सगळे मराठीत, दैनंदिनीच्या त्याच तक्त्यात छापावे आणि स्वयंपाकाच्या चार ओळी जोडाव्यात. टोमॅटो शिजवल्यावर 'क' जीवनसत्त्व घटते पण लायकोपिन जास्त मोकळे होते आणि थोड्या तेलाबरोबर ते चांगले शोषले जाते. कोबी चिरून काही मिनिटे तसाच ठेवला तर त्यातली गुणकारी द्रव्ये तयार व्हायला वेळ मिळतो. लाल माठ उकडून पाणी ओतून दिले तर रंगही गेला आणि रंगातले बीटालेनही गेले. हे प्रत्येक घराला कळले पाहिजे.

चौथी, कोणत्याही भाजीला किंवा वाणाला रोग बरा करण्याचा दावा चिकटवू नये. विद्यापीठाचे नाव पुढे करून कोणी पावडर, गोळ्या विकत असेल, तर विद्यापीठाने जाहीरपणे नाकारावे.

महोदय, आपल्या चार विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीची (ॲग्रेस्को) बैठक दरवर्षी भरते. तिथे नवे वाण मांडले जातात, त्यांवर कसून प्रश्न होतात आणि मगच ते शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. येत्या बैठकीत भाजीपाल्याचा वाण मांडणाऱ्या शास्त्रज्ञाला उत्पादन आणि रोगप्रतिकार विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: हा वाण खाणाऱ्याला काय देतो? त्याचे उत्तर आकड्यांत मिळेपर्यंत त्या वाणाची शिफारस करू नका, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
रोज भाजी निवडणारी आणि शिजवणारी एक नागरिक